बाळंतिणीची खोली आणि आपली मंडळे

परप्रांती नोकरीसाठी निघालेल्या मराठी माणसाने आपल्या ट्रंकेतून दोन वस्तू हमखास नेल्या, असे आपल्याकडे कौतुकाने सांगितले जाते: एक गणपती आणि दुसरी नाटकाची वही. ते खरे आहे, आणि त्याचा अभिमान वाटणे यात गैर काही नाही. दहा मराठी बिऱ्हाडे एका गावी जमली की मंडळ निघते. मंडळ निघाले की कार्यकारिणी निघते. आणि कार्यकारिणी निघाली की तिच्यात दोन तट पडतात. इतके झाले म्हणजे महाराष्ट्र आपल्याबरोबर आला, असे समजून आम्ही स्वस्थ झोपी जातो. परंतु घर सोडताना एक तिसरी वस्तू मागे राहून गेली आणि तिची आठवण कोणत्याही अहवालात कोणी काढीत नाही. ती वस्तू म्हणजे बाळंतिणीची सोबत.

हा विषय काढण्यास निमित्त झाले एका मंडळाच्या वार्षिक सभेचे. मंडळ कोणत्या शहरातले, हे आम्ही सांगत नाही. पुष्कळ वाचकांस ते आपलेच वाटेल अशी आमची खात्री आहे. सभेपुढे एका सभासद भगिनीने सूचना मांडली, की नव्याने बाळंत झालेल्या मराठी स्त्रियांच्या घरी जाऊन त्यांना अंगावर पाजण्याच्या बाबतीत मदत करणाऱ्या आणि त्यांच्या मनाची विचारपूस करणाऱ्या चार-पाच अनुभवी स्त्रियांचे एक पथक मंडळाने तयार करावे. खर्च जवळजवळ नाहीच. त्यावर एक ज्येष्ठ सभासद उठले आणि म्हणाले, "मंडळ ही सांस्कृतिक संस्था आहे, सूतिकागृह नव्हे." हशा पिकला. सूचना वेळेअभावी पुढील सभेवर टाकण्यात आली. आणि त्यानंतर रंगमंचाचा नवा पडदा मोरपंखी असावा की किरमिजी, या प्रश्नावर पाऊण तास चर्चा झाली.

त्या सद्गृहस्थांविषयी आमच्या मनात यत्किंचितही आकस नाही. मंडळासाठी त्यांनी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या आहेत. परंतु त्यांचे वाक्य एकट्याचे नव्हते. हशा पिकला याचा अर्थ ते सभागृहाचे मत होते. त्या मताशी आमचे भांडण आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. केंद्र सरकारच्या सेवेतील माणसाचे आयुष्य बदलीच्या हुकुमावर चालते. हुकूम हाती पडतो, सामान बांधले जाते, आणि नव्या गावी क्वार्टर मिळेपर्यंत कोठेतरी दोन खोल्यांत बिऱ्हाड मांडले जाते. याच धामधुमीत लग्न, याच धामधुमीत पहिले मूल. पूर्वी सातव्या महिन्यात बायको माहेरी जाई आणि मूल तीन महिन्यांचे झाले म्हणजे परत येई. आता ती स्वतः नोकरीत असते. तिची आईही पुष्कळदा नोकरीत असते, किंवा घरातल्या आजारी माणसास सोडून निघू शकत नाही. सासूबाई येतात त्या तीन आठवड्यांनंतरचे परतीचे तिकीट काढूनच. चौथ्या आठवड्यात नवरा कार्यालयात, समोरचे दार बंद, आणि सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत त्या दोन खोल्यांत एक रडणारे मूल आणि एक रडू आवरणारी आई एवढीच माणसे उरतात. आमच्या वसाहतीत अशी घरे आम्ही बोटांवर मोजून दाखवू शकतो; वाचकांनी आपापल्या वसाहतीत मोजून पाहावीत.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जुन्या माहेरच्या बाळंतपणाचे गोडवे गाण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. त्या खोलीत शेगडीचा धूर कोंडत असे. पुष्कळ घरांत पहिल्या दिवसांचा पिवळसर चीक वाईट म्हणून पिळून टाकीत, आणि बाळाच्या जिभेवर मध लावीत. आज आपणांस ठाऊक आहे, की तो चीक म्हणजे बाळाचे पहिले संरक्षण होय, आणि एक वर्षाच्या आतील मुलास मध देणे धोक्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे असे, की जन्मानंतर तासाभरात बाळास अंगावर घ्यावे, पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये (पाणी नाही आणि गुटीही नाही), आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ पाजणे चालू ठेवावे. या कसोटीस जुने माहेर पुष्कळ ठिकाणी उतरत नाही.

मग त्या माहेरात होते तरी काय? तेथे माणसे होती. रात्री दोन वाजता मूल ताणून रडू लागले, की शेजारच्या अंथरुणातून कोणीतरी उठून बसे. बाळ नीट धरले नाही तर कोणी मावशी न बोलता त्याची मान हाताने सरळ करी. 'मलाही पहिल्या वेळी असेच झाले होते' हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडे, आणि त्या वाक्याने अर्धे दुखणे ओसरत असे. अळिवाचे लाडू आज पार्सलने येतात, डिंकही कोणत्याही शहरात मिळतो. ते वाक्य मात्र पार्सलने येत नाही. माहेराजवळ सोबत होती, ज्ञान अपुरे होते. आजच्या इस्पितळात ज्ञान आहे, पण ते तिसऱ्या दिवशी डिस्चार्जच्या कागदाबरोबर संपते. दोन्ही एके ठिकाणी आणणारे कोणी नाही, हे आमचे गाऱ्हाणे आहे.

"पण हे सारे नैसर्गिक आहे, गाई-म्हशींना कोण शिकवते?" हा आक्षेप सभेत नव्हे, सभेनंतर चहाच्या टेबलावर ऐकू आला. बाळ चोखते हे नैसर्गिक खरे. परंतु त्यास नीट लावणे ही शिकण्याची विद्या आहे, आणि ती पाहून शिकावी लागते. बाळाचे तोंड मोठे उघडले पाहिजे, हनुवटी स्तनास टेकली पाहिजे, आणि नुसते स्तनाग्र नव्हे तर त्याभोवतीचा काळा भागही बराचसा त्याच्या तोंडात गेला पाहिजे. असे झाले नाही, की आईस भेगा पडून असह्य वेदना होतात आणि बाळाच्या पोटात पुरेसे जात नाही. पूर्वी दहा घरांच्या वाड्यात वाढलेल्या मुलीने हे दृश्य लग्नापूर्वी शंभर वेळा पाहिलेले असे. आजच्या पदवीधर मुलीने ते पुष्कळदा एकदाही पाहिलेले नसते. तिच्या हाती आपले मूल येते तेव्हा तिला ते कसे धरावे हेच ठाऊक नसते. आणि ठाऊक नाही हे बोलून दाखविण्याची तिला लाज वाटते.

त्या लाजेतून पुढचा अनर्थ घडतो. बाळ रडते, कोणीतरी म्हणते, "तुझे दूध त्याला पुरत नाही." हे चार-पाच शब्द म्हणजे एक शस्त्रच आहे, आणि ते चालविणारी माणसे बहुधा प्रेमळ असतात. वरच्या दुधाची एक बाटली दिली जाते. पोट भरलेले बाळ झोपते; सर्वांना वाटते, पाहा, भुकेलेच होते! परंतु आईचे दूध मागणीप्रमाणे तयार होते. जेवढे बाळ ओढील तेवढे ते येते. बाटलीने मागणी घटली की दूधही घटते, आणि आठवड्याभरात ते खोटे भाकीत खरे ठरते. वस्तुतः दूध पुरते की नाही हे पाहण्याच्या खुणा साध्या आहेत. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरणे स्वाभाविक आहे. साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यावे. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील, तर बाळाच्या पोटात जात आहे असे समजण्यास हरकत नाही. एवढे सांगणारी एक अनुभवी स्त्री योग्य दिवशी दारी आली असती, तर कितीतरी घरांत तो डबा फुटलाच नसता.

डब्याच्या बाबतीत कायदा आपल्या बाजूस आहे, हेही लक्षात घ्यावे. १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेने आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीविषयी आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. आपल्या संसदेने १९९२ साली कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला. त्यानुसार अशा दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करणे, फुकट नमुने वाटणे हा गुन्हा आहे. कंपन्यांचे तोंड कायद्याने बांधले. परंतु "दूध पुरत नाही" असे म्हणणाऱ्या नातलगांचे तोंड कोणत्या कलमाखाली बांधणार? त्यास उत्तर एकच: त्या तोंडापेक्षा अधिक जाणते आणि अधिक मायेचे दुसरे तोंड त्या घरात पोचविणे.

आकडे असे सांगतात. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे आरोग्यसंस्थांत झाली. म्हणजे बहुतेक सर्व स्त्रिया डॉक्टर आणि परिचारिका यांच्या हाताखाली बाळंत झाल्या. तरीही जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेली मुले होती केवळ ४१.८ टक्के; आणि सहा महिन्यांखालील मुलांपैकी निव्वळ आईच्या दुधावर असलेली ६३.७ टक्के. इतकेच नव्हे, तर हे दुसरे प्रमाण शहरांत खेड्यांहून कमी आढळले. "डॉक्टर आहेत, मग मंडळ कशाला?" असे विचारणाऱ्यांनी या आकड्यांसमोर क्षणभर थांबावे. डॉक्टरांस आम्ही दोष देत नाही. पन्नास बाळंतिणींच्या वॉर्डात दोन परिचारिका असतील, तर प्रत्येकीजवळ अर्धा तास कोणी बसावे? आणि अडचण उद्भवते ती पुष्कळदा घरी आल्यावर, चौथ्या-पाचव्या रात्री. त्या रात्री कोणते बाह्यरुग्ण खाते उघडे असते?

आता मनाकडे वळू. कारण दुधाची गोष्ट निदान बोलली जाते, मनाची बोललीही जात नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत उगाच रडू येणे, चिडचिड होणे हे पुष्कळ जणींस होते आणि दोनेक आठवड्यांत ते आपोआप निवळते. परंतु काही जणींच्या मनावरचे ते मळभ हटत नाही. बाळ झोपले तरी यांना झोप येत नाही. आपण आई होण्यास नालायक आहोत असे वाटत राहते. बाळाकडे पाहून काही वाटेनासे होते. आणि क्वचित जीव नकोसा होतो. हा आजार आहे. तो स्वभावदोष नव्हे, आणि नखरा तर नव्हेच. गोव्यात झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या मातांपैकी २३ टक्के मातांत नैराश्याचा विकार आढळला. भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्र हिशोब २०१७ साली मांडला गेला, तेव्हा प्रमाण २२ टक्के निघाले. म्हणजे पाच जणींत एक. वाचकांनी आपल्या मंडळातील गेल्या वर्षीची बारशी आठवावीत आणि पाचाने भागावे. ज्या बारशाला आपण घुगऱ्या खाऊन, पाळण्यात पाकीट ठेवून परतलो, त्यांपैकी कोणत्या घरची आई दार लागताच रडत बसली होती, हे आपणांपैकी कोणास ठाऊक आहे?

"हल्ली सारे मोबाइलवर मिळते," असाही एक आक्षेप आहे. मिळते खरे, आणि तेच संकट आहे. रात्री तीन वाजता एका बाजूस शंभर उपदेश, त्यांतले पन्नास परस्परविरुद्ध, आणि दुसऱ्या बाजूस मूल! उपदेशाची वाण नाही. विश्वासाच्या माणसाची वाण आहे. मोबाइलमधील शंभर बायकांपैकी एकही उठून "तू तासभर नीज, मी याला घेते" असे म्हणत नाही.

"ही घरगुती बाब आहे, त्यात संस्थेने नाक कशास खुपसावे?" हा आक्षेप अधिक सभ्य आहे, म्हणून त्याचे उत्तरही सभ्यपणे देतो. विवाह घरगुती बाब नव्हे काय? पण मंडळाच्या वधू-वर नोंदवहीत जात, उंची आणि पगार यांचे रकाने आहेत. मृत्यू घरगुती बाब नव्हे काय? तरी परगावी कोणी मराठी माणूस गेला, की मंडळाचे चार कार्यकर्ते रात्री-अपरात्री धावतात. आणि हे मंडळांचे सर्वांत मोठे पुण्य आहे असे आम्ही मानतो. लग्न जुळविण्यास मंडळ, खांदा देण्यास मंडळ; आणि या दोहोंमधल्या जन्माच्या वेळीच तेवढी मंडळास मर्यादा आठवावी, हे नवल नव्हे काय?

आणि आता मुख्य आक्षेप: याचा संस्कृतीशी काय संबंध? आमचे म्हणणे असे, की याहून अधिक सांस्कृतिक काम मंडळापुढे दुसरे नाही. प्रत्येक वार्षिक अहवालात एक वाक्य असते, की परप्रांतांत वाढणाऱ्या पिढीची मराठी सुटत चालली आहे. त्यावर उपाय म्हणून रविवारचे वर्ग, पाठांतराच्या स्पर्धा, बक्षिसे! परंतु भाषा पाठांतराने लागत नाही. ती लागते दूध पिताना, आईच्या तोंडच्या निरर्थक बडबडीतून. जी आई महिनोन्‌महिने मुकाट बसून आहे, तिच्या मुलाच्या कानी मराठी कोठून पडणार? मातृभाषा या शब्दातील 'मातृ' हा भाग आमच्या कार्यकारिणीने कधी गंभीरपणे वाचलाच नाही.

भाषेचा संबंध दुसऱ्याही अंगाने आहे. दुःख माणसास आपल्याच भाषेत सांगता येते. 'कसेसेच होते', 'जीव घाबराघुबरा होतो', 'कशात मन लागत नाही', 'अंगातले त्राणच गेले' – ही वाक्ये आपल्या मावशीला ऐकताक्षणी कळतात. तीच भावना मोडक्या हिंदीत किंवा कार्यालयीन इंग्रजीत सांगू जावे, तर उरते ती 'थोडी कमजोरी आहे' एवढीच तक्रार, आणि हाती पडते लोहाच्या गोळ्यांची चिठ्ठी. कलकत्त्यात वा चेन्नईत इस्पितळ उत्तम आहे; तेथील शेजारणी प्रेमळ आहेत; त्यांचे ऋण आम्ही नाकारीत नाही. परंतु मराठीत रडण्याची सोय मराठी मंडळानेच केली पाहिजे. ती दुसरे कोण करणार?

सामान्य स्त्रिया हे काम करू शकतात का, अशी शंका कोणास येईल तर इतिहास पाहावा. १९५६ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, शिकागोजवळच्या फ्रँकलिन पार्क येथे सात गृहिणींनी एकत्र येऊन 'ला लेचे लीग' ही संस्था काढली. त्या काळी तेथे बाटलीचे साम्राज्य होते. त्यांच्याजवळ होता तो केवळ स्वतःचा अनुभव, आणि आठवड्यातून काही घटका दुसरीजवळ बसण्याची तयारी. १९६४ साली मेलबर्न येथे आणि १९६८ साली नॉर्वेत मातांच्या अशाच संस्था निघाल्या. आपल्याकडेही ही परंपरा परकी नाही, आणि महाराष्ट्राचा तीत मोठा वाटा आहे. आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी १९८९ साली मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. स्तनपानाच्या प्रसारासाठी काम करणारी 'बीपीएनआय' ही राष्ट्रीय संस्था १९९१ साली वर्ध्यास जन्मली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्याच स्त्रियांस नवजात बालकांची घरी काळजी घेण्यास शिकविले, आणि तेथील नवजात मृत्यू किती झपाट्याने घटले हे १९९९ साली साऱ्या जगाने वाचले. त्याच धर्तीवर पुढे 'आशा' कार्यकर्तीच्या घरभेटी ठरविण्यात आल्या. इस्पितळात बाळंतपण झाले तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी. गडचिरोलीच्या पाड्यावरील बाळंतिणीकडे कोणी जावे हे सरकारने ठरविले. सरकारच्याच वसाहतीतील बाळंतिणीकडे मात्र आम्ही आजवर कोणास फिरकताना पाहिलेले नाही.

मनाच्या बाबतीतही पुरावा आहे. झारखंड आणि ओडिशा येथील तीन जिल्ह्यांत २००५ ते २००८ या काळात गावोगाव स्त्रियांचे गट दरमहा जमत. चालविणारी स्थानिक स्त्रीच असे. ती डॉक्टर नव्हे, परिचारिका नव्हे. बसून बोलणे, अडचणी मांडणे, उपाय आपणच ठरविणे एवढाच कार्यक्रम. तीन वर्षांत नवजात मृत्यूंचे प्रमाण, असे गट नसलेल्या भागांच्या तुलनेत, ३२ टक्क्यांनी कमी आढळले. मातांच्या नैराश्यावर तीन वर्षांचा एकूण परिणाम ठळक दिसला नाही; परंतु तिसऱ्या वर्षी मध्यम स्वरूपाचे नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी होते. यावरून, सोबत मुरावयास वेळ लागतो, असे आम्ही समजतो. गोव्यात नैराश्यग्रस्त गर्भवतींकडे शेजारच्याच 'सखी' पाठविण्याचा प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. परिणाम चमत्कारिक नव्हता, माफक होता; पण सखी लाभलेल्या स्त्रियांपैकी अधिक जणी सहा महिन्यांत आजारातून बाहेर आल्या. ज्याला चमत्कार हवा असेल त्याने दुसरीकडे जावे. एवढ्या अल्प खर्चात एवढा उपयोग मिळत असेल, तर तो नाकारणारी टिपणी आमच्या कार्यालयात कोणी लिहिली असती, तर ती खुलाशासाठी परत आली असती.

यात पुरुषांचा काय संबंध, असे मनात म्हणणाऱ्या बंधूंसाठी दोन शब्द. केंद्र सरकारच्या रजा नियमांत पितृत्व रजा आहे: पंधरा दिवस, प्रसूतीच्या अगोदर पंधरा दिवसांपासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांच्या आत केव्हाही. घेतली नाही तर ती बुडते. ती रजा मागताना कनिष्ठाने खाली मान का घालावी, आणि मंजूर करताना वरिष्ठाने मिस्किल का हसावे? आमच्या वाचकांत मंजुरीची सही करणारे पुष्कळ आहेत; त्यांनी ती सही न हसता करावी, एवढीच प्रार्थना. पाजणे आईचे असेल. ढेकर काढणे, लंगोट बदलणे, रात्री दिवा लावून पाणी आणून देणे आणि फोनवरील उपदेशकांस परतवून लावणे ही कामे बापाची आहेत. आणि बापाचेही मन असते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील अभ्यासांच्या एका एकत्रित आढाव्यात दहांपैकी सुमारे एका पित्यात या काळात नैराश्य आढळले होते. पगाराची, बदलीची आणि घराची विवंचना एकट्याने गिळणाऱ्या तरुण कारकुनाजवळही मंडळातल्या एखाद्या काकांनी बसावे.

मग करावयाचे काय? आमची सूचना कार्यकारिणीच्या एका बैठकीत मंजूर होण्याइतकी लहान आहे. मंडळाने पाच स्त्रिया निवडाव्यात: ज्यांनी स्वतः मुले पाजली आहेत, आणि ज्यांस ऐकून घेण्याची सवय आहे. बोलण्याची सवय असलेल्या पुष्कळ मिळतील; त्यांस व्याख्यानमालेकडे पाठवावे. या पाच जणींनी स्थानिक वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागाकडून किंवा स्तनपानाचे शिक्षण देणाऱ्या संस्थेकडून रीतसर शिकून घ्यावे. गर्भवतीची इच्छा असेल तर सातव्या महिन्यात ओळखीची एक भेट. मग घरी आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आठवड्याने, पंधरवड्याने आणि सहाव्या आठवड्यात. महिन्यातून एकदा मंडळाच्या वाचनालयाची खोली दोन तास बाळंतिणींसाठी राखून ठेवावी. दार लावावे, चहा द्यावा, आणि अध्यक्षांचे भाषण ठेवू नये.

नियम थोडे पण कडक असावेत. औषध सांगू नये. घरातले बाहेर बोलू नये. बाळ सुस्त पडले, पिईनासे झाले, लघवी कमी झाली, ताप आला, तर तासही न घालविता डॉक्टरकडे पाठवावे. मनाचे मळभ दोन आठवड्यांत हटले नाही तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यास सोबत करावी; सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चालू आहे, तो क्रमांक प्रत्येक घरी लिहून द्यावा. आईने स्वतःस किंवा बाळास इजा करण्याची भाषा काढली, तिला भलतेच भास होऊ लागले, तर तिला क्षणभरही एकटी न सोडता इस्पितळात न्यावे.

आणि एक नियम सर्वांच्या वर. सखीने पहारेकरीण होऊ नये. काही स्त्रियांस आजारामुळे, औषधांमुळे, शस्त्रक्रियेमुळे अंगावर पाजता येत नाही. काहींनी प्रयत्नांची शिकस्त करूनही जमत नाही. काहींची नोकरी ते जमू देत नाही. त्या आयांच्या हातातील बाटलीकडे पाहून नाक मुरडणारी स्त्री या कामास सर्वस्वी अपात्र समजावी. तिला वरचे दूध स्वच्छतेने आणि योग्य प्रमाणात कसे द्यावे हे सांगावे, आणि तिच्याही जवळ तितकाच वेळ बसावे. दुधाच्या नावाखाली अपराधीपणाचा नवा डबा घरोघर पोचवावयाचा असेल, तर आमची सूचना फेटाळलेली बरी.

सरकारने आपल्या परीने पुष्कळ दिले आहे. एकशे ऐंशी दिवसांची प्रसूती रजा आहे, बालसंगोपन रजा आहे, औषधांचा खर्च परत मिळण्याचे फॉर्म आहेत. पण त्या फॉर्मांत 'सोबत' या नावाचा रकाना नाही आणि तो कोणत्याही वेतन आयोगाच्या अहवालाने निर्माण होणार नाही. तो भरावयाचा तर आपणच भरला पाहिजे. ही जबाबदारी झटकून मंडळे जगतील; नाटके होतील, आरत्या होतील. पण वसाहतीतील ज्या तरुण आईच्या दारी तिच्या सर्वांत कठीण चाळीस दिवसांत कोणी आले नाही, तिने दहा वर्षांनी आपल्या मुलास मंडळाच्या मराठी वर्गास का पाठवावे, याचे उत्तर पदाधिकाऱ्यांनी तयार ठेवावे.

पुढील वार्षिक सभांची पत्रके लवकरच निघतील. वाचकांपैकी जे कोणी सभासद असतील त्यांनी ही सूचना आपापल्या मंडळाकडे लेखी पाठवावी, आणि ती 'इतर विषयां'त न घालता कार्यक्रमपत्रिकेवर पहिली घेण्याचा आग्रह धरावा. पडद्याचा रंग त्यानंतर ठरविता येईल.